तीन घड्याळं, तिन्ही एकाच साच्यातली: नाविकचं प्रकरण

११ सोडले, त्यातले ४ कामाचे. जुलै २०२५ मध्ये मंत्री जितेंद्र सिंह यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं त्यातला हा हिशोब, आपल्या स्वतःच्या नेव्हिगेशन सिस्टिमचा, म्हणजे नाविकचा. उरलेल्या ७ चं काय, तर ४ फक्त मेसेज पाठवायला वापरतात, १ निवृत्त केला, आणि २ जिथे पोचायला हवे होते तिथे पोचलेच नाहीत. हे वाचून बऱ्याच जणांनी 'चला, ४ तरी आहेत' असं म्हटलं असेल, पण ४ हा आकडा इथे फार अवघड जागी बसलाय. रिसीव्हरला स्वतःची जागा काढायला कमीत कमी ४ सॅटेलाइट लागतात, तीन अक्षांश-रेखांश-उंचीसाठी आणि चौथा रिसीव्हरच्या आतल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. म्हणजे ४ म्हणजे काठावर पास, ग्रेसचा एक मार्क पण शिल्लक नाही.

या प्रकरणाची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती एका वाक्याची आहे: परदेशातून घड्याळं आणली, ती खराब निघाली, म्हणून नाविक आजारी पडलं. खोटी नाहीये ती, पण माझ्या मते तो फार तर तिसरा हिस्सा झाला. उरलेले दोन हिस्से आपले घरचे आहेत आणि तेच जास्त बघण्यासारखे आहेत, म्हणून हे जरा तारीखवार लिहून काढतोय.

मुळात हवं कशाला होतं

कारगिलचा किस्सा सगळ्यांना माहितीय, की १९९९ मध्ये आपण अमेरिकेकडे जीपीएसची माहिती मागितली आणि त्यांनी दिली नाही. त्याच्या सांगोवांगीच्या इतक्या आवृत्त्या फिरतात की मी त्यावर फार भार टाकत नाही, टाकायची गरजही नाही, कारण जे उघड रेकॉर्डवर आहे तेच पुरेसं बोलकं आहे. तेव्हा जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळायची, जगातला प्रत्येक बिगरलष्करी रिसीव्हर जागा साधारण १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवायचा, आणि ही मिसळ मे २००० मध्ये क्लिंटन सरकारने बंद केली. कारगिलचं युद्ध त्याच्या आदल्या वर्षीचं. डोंगराच्या धारेवर १०० मीटर म्हणजे कधी कधी या बाजूचा उतार की त्या बाजूचा एवढा फरक. आणि ज्याला ही चूक एका आदेशात बंद करता येते त्याला ती हवी तेव्हा चालूही करता आली असती, हे कळायला कुणी फोनवर 'नाही' म्हणायची गरज नव्हती.

तर २००६ मध्ये केंद्राने १,४२० कोटी रुपयांचा प्रोजेक्ट मंजूर केला. डिझाइन हुशारीचं होतं, हे मान्य करायलाच पाहिजे. जीपीएस सगळ्या जगाला पुरवायचं म्हणून त्यांना किमान २४ सॅटेलाइट लागतात आणि वर ३० च्या आसपास फिरत असतात. आपल्याला फक्त भारत आणि सीमेपासून १,५०० किलोमीटरचा पट्टा हवा होता, मग ७ च सॅटेलाइट पण सगळे ३६,००० किलोमीटरवर, म्हणजे सगळे सतत आपल्याच डोक्यावर. ३ विषुववृत्तावर एका जागी उभे, आणि ४ तिरक्या कक्षेत, जे आकाशात रोज इंग्रजी आठचा आकडा काढत वरखाली होतात. सिग्नल दोन बँडवर, एल५ आणि एस, त्यामुळे आयनोस्फिअरमुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, होणारी चूक मोजून वजा करता येते, आणि आपल्या अक्षांशावर ती चूक चांगलीच दांडगी असते. एक सेवा सगळ्यांसाठी मोकळी, दुसरी एन्क्रिप्ट केलेली, लष्करासाठी आणि सरकार परवानगी देईल त्यांच्यासाठी.

७ मध्ये काम भागवलं म्हणजे पैसे वाचले, पण ७ मध्ये भागवलं म्हणजे प्रत्येकाची किंमतही वाढली. जीपीएसचा एक सॅटेलाइट रात्री बंद पडला तर सकाळी कुणाला पत्ता लागत नाही. आपला एक गेला की सातातला एक गेला. हे डिझाइन करणाऱ्यांना माहीत होतंच, म्हणून जमिनीवर २ जादा ठेवायचे असंही ठरलेलं. कागदावर सगळं व्यवस्थित होतं.

१ जुलै २०१३ ला पहिला, १ए, गेला आणि २८ एप्रिल २०१६ ला सातवा, १जी. त्याच दिवशी पंतप्रधानांनी नाविक हे नाव दिलं. सातही उड्डाणं इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने, सातही यशस्वी. त्यानंतर काही महिन्यांतच १ए मधलं पहिलं घड्याळ बंद पडलं.

डब्यातलं घड्याळ

नेव्हिगेशन सॅटेलाइट म्हणजे मुळात उंच टांगलेलं घड्याळ. तो 'आत्ता माझ्याकडे इतके वाजले' एवढंच ओरडत असतो, बाकी गणित रिसीव्हर करतो. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे घड्याळ एक नॅनोसेकंद चुकलं की अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं, एक मायक्रोसेकंद चुकलं की ३०० मीटर. मनगटावरचं चांगलं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद इकडेतिकडे होतं आणि आपण त्याला अचूक म्हणतो, तेवढी चूक इथे झाली तर जागा पृथ्वीवर सुद्धा येणार नाही.

म्हणून रुबिडियमचं अणुघड्याळ. आत एक बारकासा दिवा असतो, त्यात रुबिडियमची वाफ, तो गुलाबी-जांभळट उजळतो. तो उजेड दुसऱ्या एका काचेच्या कुपीतून जातो, तिच्यातही रुबिडियमचीच वाफ, आणि त्या कुपीवर मायक्रोवेव्हचा मारा चालू असतो. मायक्रोवेव्हची फ्रीक्वेन्सी बरोब्बर रुबिडियमच्या अणूला हवी तेवढी, म्हणजे सेकंदाला ६८३ कोटींहून थोडी जास्त स्पंदनं, अशी जुळली की कुपी उजेड जास्त गिळते आणि पलीकडच्या सेन्सरवर तो किंचित मंदावतो. तो मंदावलेला उजेड पकडून ठेवायचा, सुटायला लागला की घड्याळातल्या क्वार्ट्झला टोचून परत जागेवर आणायचं, एवढंच काम, पण वर्षानुवर्षं, उन्हात-सावलीत, निर्वात जागेत, दुरुस्तीला कुणी येणार नाही अशा ठिकाणी.

प्रत्येक सॅटेलाइटमध्ये अशी ३ घड्याळं, सातांत मिळून २१. एक गेलं तर दुसरं, दुसरं गेलं तर तिसरं. सगळी एकाच स्विस कंपनीची, एकाच पद्धतीची. आणि १ए मधली तिन्ही गेली. जानेवारी २०१७ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष ए. एस. किरण कुमार यांनी ते जाहीरपणे सांगितलं. सॅटेलाइट बाकी ठणठणीत होता, पॅनल चालू, ट्रान्समीटर चालू, फक्त वेळ सांगता येत नव्हती, म्हणजे ज्यासाठी पाठवला तेच नाही.

आता इथे मला थांबायचंय, कारण त्याच जानेवारीत युरोपियन स्पेस एजन्सीनेही असंच काहीतरी जाहीर केलं. त्यांच्या गॅलिलिओ सिस्टिमचे तेव्हा १८ सॅटेलाइट वर होते आणि त्यातली ९ घड्याळं बंद पडलेली. ९! आपल्या तिनाच्या तिप्पट. रुबिडियमची घड्याळं त्याच स्विस कंपनीची. पण घड्याळांपायी त्यांचा एकही सॅटेलाइट तोवर गप्प बसला नव्हता. कारण त्यांनी प्रत्येक सॅटेलाइटमध्ये ४ घड्याळं ठेवलेली, २ रुबिडियमची आणि २ हायड्रोजन मेसरची, म्हणजे दोन वेगळ्या जातीची यंत्रं, वेगळ्या तत्त्वावर चालणारी, वेगळ्या कारणांनी बिघडणारी. ९ मधली ३ रुबिडियमची होती आणि ६ मेसर, म्हणजे बिघाड दोन्हीकडे झाले, पण दोन्ही बिघाड एकाच सॅटेलाइटमध्ये सगळी घड्याळं खाऊन टाकतील असा योग आला नाही. रुबिडियमच्या बाबतीत त्यांच्या तपासात शॉर्ट सर्किटचा आणि उड्डाणाआधी जमिनीवर केलेल्या एका टेस्टच्या पद्धतीचा संशय निघाला.

हाच या प्रकरणाचा पहिला हिस्सा आणि तो घड्याळाच्या दर्जाचा नाहीये. तीन सारखी घड्याळं ठेवली की तुम्ही योगायोगाने होणाऱ्या बिघाडापासून वाचता: एखादं सोल्डर कच्चं राहिलं, एखादा पार्ट कमनशिबी निघाला. पण डिझाइनमध्येच किंवा टेस्टमध्येच खोट असेल तर ती तिन्हींत असणार, आणि मग पहिलं गेलं याचा अर्थ 'दोन शिल्लक' असा होत नाही, 'बाकीची दोन रांगेत उभी' असा होतो. बॅकअप मोजायचा तर डबे मोजून उपयोग नाही, बिघडायची कारणं किती वेगवेगळी आहेत ते मोजायला लागतं. रुबिडियमच निवडलं यामागे वजन, जागा, वीज सगळं असणार, पीएसएलव्हीला झेपेल असा सव्वाचौदाशे किलोचा सॅटेलाइट होता तो, त्यात मेसर कोंबणं सोपं नव्हतं हे मला कळतं. पण मग जोखीम घेतोय हे धरून जमिनीवरचे जादा सॅटेलाइट पटापट तयार पाहिजेत. तिथे दुसरा हिस्सा सुरू होतो.

शेंगेतला दाणा

जादा ठेवलेला पहिला सॅटेलाइट, १एच, ३१ ऑगस्ट २०१७ ला संध्याकाळी श्रीहरिकोटाहून निघाला, १एची जागा घ्यायला. रॉकेट पीएसएलव्ही-सी३९. भरवशाचं रॉकेट, एवढं की लोक लॉन्च बघायचे सोडून फक्त बातमी वाचायचे.

रॉकेटच्या टोकाला जो निमुळता डबा असतो, हीट शील्ड, तो वातावरण संपलं की दोन फाकांत उघडून गळून पडतो. त्यादिवशी उघडला नाही. त्याला जोडलेले सांधे छोट्या स्फोटाने तोडतात, ते नीट तुटले नाहीत. डबा तसाच अंगावर घेऊन रॉकेट वर जात राहिलं, सुमारे टनभर फालतू वजन, त्यामुळे वेग कमी पडला, स्क्रीनवरची रेषा अपेक्षित रेषेच्या खाली खाली राहायला लागली. आणि शेवटी कॉम्प्युटरने ठरल्याप्रमाणे सॅटेलाइट सोडला, आत, बंद डब्यात. शेंगेत दाणा सुटा व्हावा तसा तो आतच सुटा झाला. सॅटेलाइट चांगला, कदाचित घड्याळंही चांगली, बघायला कधी मिळालंच नाही.

दुसरा जादा, १आय, १२ एप्रिल २०१८ ला गेला आणि नीट पोचला. १एची जागा भरली. आता जमिनीवर शिल्लक शून्य.

आणि मग काही नाही. १२ एप्रिल २०१८ नंतरचा पुढचा नाविक सॅटेलाइट २९ मे २०२३ ला गेला. पाच वर्षं आणि वर दीड महिना. मला विचाराल तर नाविकचं मूळ दुखणं २०१६ ची घड्याळं नाहीत, १एचचा डबाही नाही, हा मधला रिकामा पट्टा आहे. घड्याळ बिघडणं, रॉकेट फसणं हे अपघात, कुणालाही होतात, युरोपला झाले, सगळ्यांना होतात. पण ज्या सॅटेलाइटचं आयुष्यच १० वर्षं धरलंय आणि त्यातल्या घड्याळांवर संशय आहे हे २०१७ पासून माहीत आहे, तिथे बदली सॅटेलाइटची लाइन पाच वर्षं रिकामी राहिली हा अपघात नव्हे. या काळात वरची घड्याळं एकामागून एक जातच होती.

कारणं होती, नव्हती असं नाही. पुढचे सॅटेलाइट एनव्हीएस नावाच्या नव्या मालिकेचे करायचे ठरलं. वजन २,२३२ किलो, म्हणजे पीएसएलव्हीच्या ताकदीबाहेर, मग जास्त ताकदीचं जीएसएलव्ही रॉकेट पाहिजे. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये स्वतःचं रुबिडियम घड्याळ तयार होत होतं, ते बसवायचं होतं. एल१ हा तिसरा बँड घालायचा होता, जो बाकी सगळ्या जगातल्या स्वस्त चिप्सना कळतो. मधे कोविड. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० फसलं, क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनाच्या, स्टेजच्या हायड्रोजन टाकीत पुरेसा दाबच राहिला नाही, तर त्यानंतर त्या रॉकेटचं पुढचं उड्डाण थेट मे २०२३ चं, म्हणजे एनव्हीएस-०१ चंच.

प्रत्येक कारण एकेकटं घेतलं तर पटतं. एकत्र बघितलं की दिसतं असं, की चालू सिस्टिमची डागडुजी आणि पुढच्या पिढीचं अपग्रेड या दोन गोष्टी एकाच गाडीला जुंपल्या. नवं घड्याळ, नवा बँड, नवं जड शरीर, दुसरं रॉकेट, सगळं एकदम. गळकं छप्पर आधी शाकारायचं की 'एवीतेवी स्लॅबच टाकायचाय' म्हणून आणखी चार पावसाळे बादल्या ठेवायच्या, हा तो प्रश्न. नुसत्या बदलीसाठी जुन्याच पद्धतीचे दोन-तीन सॅटेलाइट पीएसएलव्हीने पाठवले असते तर घड्याळं परत बाहेरूनच घ्यावी लागली असती, त्याच कंपनीची किंवा दुसऱ्या कुणाची, आणि तोही निर्णय सोपा नव्हता. पण मला तरी तोच बरा वाटला असता. स्वतःची सिस्टिम ही सॅटेलाइटने होत नाही, दर वर्षाला नवा सॅटेलाइट उभा करू शकणाऱ्या लाइनने होते.

कुणाला कळलंच नाही

सगळ्यात गमतीची, म्हणजे तशी गमतीची नाही, पण गोष्ट अशी की हे चालू असताना सामान्य माणसाला काहीच जाणवलं नाही. माझ्या फोनमध्ये आकाशातले सॅटेलाइट दाखवणारं एक फुकटचं ॲप आहे. उघड्यावर जाऊन उभं राहिलं की यादी खाली सरकत जाते: अमेरिकेचा झेंडा, अमेरिका, रशिया, चीन, चीन, चीन, युरोप, आणि मधेच कुठेतरी तिरंगा, दोन-तीन ओळी. पुढे सिग्नलच्या पट्ट्या, वापरात असलेल्यांपुढे खूण. चाळीसेक सॅटेलाइटच्या गर्दीत फोनला आपल्या दोन-तिनांची गरजच पडत नाही, असले तर घेतो, नसले तर नकाशावरचा निळा ठिपका जागचा हलत नाही.

नाविकचा प्रसार झाला तो पण याच आधारावर. १ एप्रिल २०१९ पासून व्यावसायिक गाड्यांच्या ट्रॅकरमध्ये नाविक सक्तीचं झालं. २०२० पासून फोनच्या चिप्समध्ये यायला लागलं, २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोच्या यादीत दिसलं तेव्हा लोकांना केवढा आनंद झाला. पण या सगळ्यांत नाविक जीपीएसच्या जोडीने चालतं. 'नाविक सपोर्ट आहे' आणि 'नुसत्या नाविकवर चालतं' या दोन वाक्यांमध्ये आख्खं कारगिल बसतं. तयारी मोजायची असेल तर एकच प्रश्न विचारायचा: बाकी चारही सिस्टिमचे सिग्नल बंद केले तर हे यंत्र जागा दाखवेल का, किती अचूक, दिवसातले किती तास? ४ सॅटेलाइट असताना चारही एकाच वेळी चांगल्या कोनात दिसले तरच उत्तर बरं येतं. दरीत एक डोंगराआड गेला की संपलं, आणि नेमक्या दऱ्याच तर आहेत आपल्या सीमेवर.

मेसेजवाले ४ सॅटेलाइट मात्र मला आवडतात. २०१७ च्या शेवटी ओखी वादळ आलं तेव्हा खोल समुद्रात गेलेल्या बोटींपर्यंत इशारा पोचवायची सोय नव्हती, त्यानंतर नाविकवरून बोटींना एकतर्फी मेसेज पाठवायची यंत्रणा उभी केली. मेसेजला नॅनोसेकंदाची गरज नाही, ट्रान्समीटर चालू असला की झालं. घड्याळ गेलेल्या सॅटेलाइटला हे काम दिलं. डोळे अधू झालेल्या आजोबांना दारात बसवून आल्यागेल्याला निरोप सांगायचं काम द्यावं तसं. चांगला जुगाड आहे, फक्त मोजताना त्यांना 'कार्यरत' म्हणून धरलं की आकडा ८ होतो आणि वाचणाऱ्याची फसगत होते, म्हणून संसदेतलं वेगवेगळं मांडलेलं उत्तर मला जास्त प्रामाणिक वाटलं.

आणखी एक गैरसमज सारखा दिसतो, की विमानांसाठी गगन ही आपली सॅटेलाइट सेवा आहे ना. गगन उत्तम आहे, पण ते जीपीएसच्या चुका दुरुस्त करून सांगतं. मूळ जीपीएसच नसेल तर दुरुस्त काय करणार. आणि जीपीएसवर हल्ला ही आता पुस्तकातली गोष्ट नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू पट्ट्यात, विमानांच्या जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याचे ४६५ प्रकार नोंदले गेले, हाही आकडा सरकारने संसदेतच दिलेला. वैमानिक अशा वेळी विमानातल्या जायरोवर चालणाऱ्या यंत्रणेवर आणि जमिनीवरच्या रेडिओ बीकनवर जातात, म्हणून ते बीकन जुने झाले म्हणून उपटून टाकायची घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. आणि खरं सांगायचं तर नाविक पूर्ण ७ असतं तरी जॅमरपुढे तेही तितकंच नाजूक. ३६,००० किलोमीटरवरून येणारा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की शेजारचा छोटा ट्रान्समीटर त्याला सहज बुजवतो, त्यात आपला एस बँड वाय-फायच्या अगदी बांधाला लागून. नाविकने सुटतो तो प्रश्न वेगळा, दुसऱ्याच्या मर्जीचा. जॅमिंगचा प्रश्न अँटेना, जायरो आणि जमिनीवरची साधनं यांनी सोडवायचा आहे. दोन्ही एकाच पिशवीत भरले की दोन्हींचं बजेट चुकतं.

वेळेचं पण तसंच. मोबाइल टॉवर, वीजेची ग्रिड, शेअर बाजार यांना जागा नको असते, वेळ हवी असते, आणि ती बहुतेक ठिकाणी गच्चीवरच्या जीपीएस अँटेनातून येते. आता दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची भारतीय प्रमाणवेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या पाच केंद्रांतून देशभर पोचवायचं काम चाललंय आणि जानेवारी २०२५ मध्ये ती सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदाही आला. कुणाला फार माहीत नाही, पण या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात शहाणं पाऊल हेच वाटतं, कारण यातली घड्याळं जमिनीवर आहेत आणि बिघडली तर माणूस पाना घेऊन जाऊ शकतो.

०१ आणि ०२

एनव्हीएस-०१ नीट पोचला, त्यात अहमदाबादचं घड्याळ आहे. पुढच्या सॅटेलाइटबद्दल इस्रोने सांगितलं की त्यात देशी आणि बाहेरून घेतलेली अशी दोन्ही घड्याळं आहेत. काही लोक यावर नाराज झाले, अजून पूर्ण स्वदेशी नाही म्हणून. मला उलट हेच बरोबर वाटलं, दोन वेगळ्या घरची घड्याळं, एकाची खोट दुसऱ्यात नसण्याची शक्यता जास्त. २०१७ मधून काहीतरी शिकले असं वाटायला लावणारी ही एक गोष्ट.

तो पुढचा म्हणजे एनव्हीएस-०२, २९ जानेवारी २०२५ ला पहाटे गेला, श्रीहरिकोटाचं १०० वं उड्डाण, जीएसएलव्हीने त्याला अगदी नेमक्या लांबट कक्षेत सोडलं, टाळ्या झाल्या. तिथून पुढे सॅटेलाइटने स्वतःचं इंजिन पेटवून कक्षा गोल करायची असते. इंजिनाला ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळायला लागणारं रसायन, सोडणारा व्हॉल्व्ह उघडलाच नाही. पॅनल उघडलेली, संपर्क उत्तम, आणि सॅटेलाइट त्या लांबट कक्षेतच अडकलेला, दर फेरीत पृथ्वीच्या जवळ येतो आणि परत ३६,००० किलोमीटरपर्यंत दूर जातो.

चौकशी समितीने नंतर सांगितलं की उघडण्याचा आदेश त्या पायरो व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे छोट्या स्फोटाने उघडणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत, पोचलाच नव्हता. आदेश जायला दोन वाटा होत्या, एक मुख्य आणि एक जादाची. आणि बहुधा कनेक्टरमधला एकेक तरी काँटॅक्ट दोन्ही वाटांवर सुटला होता. हे वाचून मी पेन खाली ठेवलं. तीन सारख्या घड्याळांपासून सुरू झालेली गोष्ट आठ वर्षांनी एका कनेक्टरपाशी परत तिथेच आली, दोन वाटा आहेत म्हणून निर्धास्त, आणि दोन्ही वाटांना एकच आजार.

जुलै २०२५ च्या त्याच उत्तरात पुढचं वेळापत्रकही होतं: एनव्हीएस-०३ त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत, मग ०४ आणि ०५ सहा-सहा महिन्यांनी. कागदावर बरोबर आहे, हीच लाइन २०१८ ला हवी होती.

आता जुलै २०२५ चे ते ४ कोण, तर १बी, १एफ, १आय आणि एनव्हीएस-०१. यातला १बी सगळ्यात जुना, ४ एप्रिल २०१४ ला गेलेला, म्हणजे ठरलेली १० वर्षं उलटून गेल्यावर सुद्धा वेळ देत होता. त्याच्यातली घड्याळंही त्याच स्विस कंपनीची, त्याच पद्धतीची, १ए मध्ये जी होती तीच.